विश्लेषण : गावात चालणारा टायर ‘समृद्धी’वर चालेलच असे नाही! कारचे टायर बदलताना आणि सांभाळताना काय पाहावे?

मालेगाव (जि. वाशिम) : सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेली कुटुंबाची कार. रोजचे चालणे वाशिमपर्यंत, कधी रिसोड, कधी शिरपूर जैन, महिन्याकाठी एखादी अकोल्याची फेरी. मीटरवर जेमतेम तीस-पस्तीस हजार किलोमीटर. टायरवरची नक्षी अजून ठळक दिसते, म्हणून ‘आणखी दोन वर्षे काही पाहायला नको’ असे घरात ठरलेले. मग मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी हीच कार पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन समृद्धी महामार्गावर चढते आणि काट्यावर १२० दिसू लागतात. टायर तेच आहेत, पण त्यांच्याकडून आता मागितले जाणारे काम पूर्णपणे वेगळे आहे.

मालेगावसारख्या तालुक्याच्या गावात टायरची निवड आजही दोन प्रश्नांवर होते : ‘केवढ्याला?’ आणि ‘किती किलोमीटर जाईल?’ दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण द्रुतगती मार्ग दाराशी आल्यावर ते पुरेसे राहिलेले नाहीत. टायरचे वय किती, त्यात हवा किती आणि तो किती वजन, किती वेगासाठी बनलेला आहे, हे तीन प्रश्न त्यांच्या आधी विचारायला हवेत.

समृद्धीमुळे नेमके काय बदलले?

मालेगाव हे पूर्वीपासून वाहतुकीच्या वाटेवरचे गाव. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो आणि नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ताही. मात्र या रस्त्यांवर गावे, गतिरोधक, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि फाटे यांमुळे कारचा वेग सतत कमी-जास्त होतो. टायर तापतो आणि पुन्हा निवतो.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाल्यावर ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वापरात आला. वाशिम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव परिसरातून या मार्गावर जाता येते. मुलांच्या शिक्षणासाठी पुणे, दवाखान्यासाठी नागपूर किंवा दर्शनासाठी शिर्डी, अशा प्रवासांसाठी एमएच-३७ क्रमांकाच्या कार आता सर्रास या मार्गाने जातात. कारसाठी इथली कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. सिग्नल नाही, चौक नाही, त्यामुळे तोच वेग दोन-दोन तास टिकतो.

याचा टायरवरचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. अनेक कौटुंबिक कारना बसणाऱ्या १७५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने हा टायर सेकंदाला जवळपास ९ वेळा फिरतो. १२० च्या वेगाने १७ पेक्षा जास्त वेळा. प्रत्येक फेरीत टायरचा जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणजे एका तासात टायरचा प्रत्येक भाग साठ हजारांहून अधिक वेळा वाकतो. तार सारखी वाकवली की ती गरम होते, तसेच इथे रबराचे होते.

टायर फुटतो कशामुळे?

‘काँक्रीटचा रस्ता आहे, त्यामुळे टायर फुटतात,’ हे वाक्य विदर्भात कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकू येते. उन्हाने तापलेला रस्ता आणि बाहेरचे ४२-४३ अंश तापमान यांचा टायरवर ताण येतो, हे खरे. पण योग्य हवा असलेला, वयाने तरुण आणि शाबूत टायर एवढ्याने फुटत नाही. त्याच्या रचनेत या उष्णतेचा विचार केलेला असतो.

खरे कारण बहुतेक वेळा आतमध्ये असते. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि जास्त तापतो. त्यात गाडीत क्षमतेपेक्षा जास्त वजन असेल तर दबणे आणखी वाढते. वेग जास्त असेल तर हे वाकणे आणखी वेगाने घडते. उष्णतेमुळे रबर आणि त्यातील पोलादी तारांचे थर यांच्यातील पकड सैल होत जाते आणि एका क्षणी थर सुटतो किंवा बाजू फाटते. म्हणजे टायर फुटतो तो क्षण एक असतो, पण त्याची तयारी आठवडे-महिने चाललेली असते.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही चुकीचे आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे चालकाने सांगितले होते. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. चालकाचा थकवा, डुलकी, वेग आणि मार्गिकेची शिस्त हे प्रश्न टायर बदलून सुटत नाहीत. पण टायर ही अशी एक गोष्ट आहे की जी निघण्यापूर्वी घरच्या अंगणात तपासता येते.

नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा कसा होतो?

शहरात रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या कारचे टायर झिजून संपतात. तालुक्याच्या गावात कमी चालणाऱ्या कारचे टायर मात्र झिजण्याआधीच वयाने संपतात. ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होते. टायर बनवताना त्यात संरक्षक मेण आणि रसायने मिसळलेली असतात. टायर फिरत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने उन्हात एकाच जागी उभ्या असलेल्या कारमध्ये हे होत नाही. मग टायरच्या बाजूवर आणि नक्षीच्या तळाशी बारीक भेगा दिसू लागतात.

टायरचे वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ‘१८२१’ असे आकडे असतील तर टायर २०२१ सालच्या १८ व्या आठवड्यात, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला बनलेला आहे. पूर्ण ओळ काही टायरवर एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर ती आतल्या बाजूला असू शकते.

टायर पाच वर्षांचा झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असा टायर उद्योगातील सर्वसाधारण सल्ला आहे. अनेक कार उत्पादक सहा वर्षांनीच बदलायला सांगतात. विदर्भाचा उन्हाळा, उघड्यावर उभी राहणारी कार आणि द्रुतगती मार्गाचा प्रवास हे तिन्ही असेल, तर सहा वर्षांची मर्यादा पाळणेच शहाणपणाचे.

जुनी कार विकत घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे. रंग, इंजिन आणि कागदपत्रे तपासली जातात. टायरचे चार आकडे मात्र फारच थोडे लोक वाचतात. काळे पॉलिश मारलेला टायर नवा दिसतो, पण पॉलिशने वय बदलत नाही.

टायर कधी बदललाच पाहिजे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार कारच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. दुचाकी-तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. मोजपट्टी नसली तरी चालते. नक्षीच्या मुख्य खाचांमध्ये तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला बाणाची खूण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे जिथे असतील, त्या रेषेत ते सापडतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. गावच्या भाषेत टायर ‘गोटा’ होण्याची वाट पाहायची नसते. कायद्याने तो त्याआधीच बाद झालेला असतो.

पावसाळ्यात तर १.६ मिलिमीटरपर्यंत थांबणेही धोक्याचे. टायरच्या खाचांचे मुख्य काम पाणी बाजूला ढकलण्याचे आहे. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखाली अडकते आणि कार रस्त्यावर न राहता पाण्यावर तरंगते. मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही काम करत नाहीत. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून एक ढोबळ सूत्र मांडले होते. त्यानुसार ३२ पीएसआय हवेला साधारण ताशी ९४ किलोमीटरला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. २४ पीएसआयला ८२ किलोमीटरलाच. कारच्या चांगल्या नक्षीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण टायर जितका गुळगुळीत आणि हवा जितकी कमी, तितका धोका लवकर, हे त्यातून स्पष्ट होते. म्हणूनच नक्षी ३ मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधी टायर बदलण्याचा सल्ला दिला जातो.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर झिजेचा विचार न करता टायर बदलावा :

• टायरच्या बाजूवर फुगा आलेला असणे. खड्ड्यात जोरात आदळल्याने आतील धागे तुटल्याची ही खूण असते.

• बाजूवर काप किंवा आतील धागे दिसणे.

• नक्षीच्या तळाशी किंवा बाजूवर खोल भेगा.

• हवा अगदी कमी असताना किंवा नसताना कार काही अंतर चालवली गेली असणे. असा टायर बाहेरून ठीक दिसतो, पण आतून चुरलेला असू शकतो. टायर काढून आतून तपासल्याशिवाय तो पुन्हा वापरू नये.

नवा टायर घेताना काय वाचावे?

दुकानात जाण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर किंवा गाडीचे मॅन्युअल पाहावे. कारसाठी कंपनीने ठरवलेले माप आणि हवेचा दाब तिथे दिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘१७५/६५ आर १५ ८४ एच’ याचा अर्थ असा :

• १७५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

• ६५ : बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के.

• आर १५ : रेडियल रचना, १५ इंची रिमसाठी.

• ८४ : भारक्षमता. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो.

• एच : वेगक्षमता. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर.

पहिले तीन आकडे सगळेच जुळवतात. फसगत शेवटच्या दोन खुणांमध्ये होते. माप तेच, पण भारक्षमता कमी असलेला टायर काहीसा स्वस्त मिळू शकतो. बियाण्यांची पोती, हळदीचे कट्टे किंवा लग्नाचे सामान अधूनमधून कारमध्ये टाकणाऱ्या घराने तर मूळ आकड्यापेक्षा कमी भारक्षमतेचा टायर कधीच घेऊ नये. वेगाचे अक्षरही मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. मोठे रिम आणि रुंद टायर बसवण्याचा मोह असेल तर चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त बदलणार नाही, एवढे तरी पाहावे. नाहीतर वेगाचा काटाही चुकीचा दाखवतो.

टायरवर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे. भारतात कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक बंधनकारक आहे. २०२२ मध्ये केंद्राने टायरचा फिरतानाचा विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांसाठीही निकष अधिसूचित केले. काही टायरवर ऊर्जा बचतीचे स्टार लेबल असते. जास्त स्टार म्हणजे इंधन कमी लागते. तो टायर जास्त टिकेलच असे त्यातून समजू नये.

बनल्याची तारीख दुकानातच वाचावी. चारही टायर गेल्या वर्षभरातले आणि शक्यतो जवळच्या आठवड्यांतले असावेत. ‘सेल’मध्ये मिळणारा टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडून असेल, तर सवलतीचा हिशेब वेगळा करावा लागतो : त्याच्या सहा वर्षांतली दोन-तीन वर्षे आधीच संपलेली असतात.

किमतीबाबत एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. करापूर्वी ५,००० रुपये किंमत असलेला टायर पूर्वी ६,४०० रुपयांना पडत होता, तो आता ५,९०० रुपयांना पडायला हवा. चार टायरमागे २,००० रुपये वाचतात. त्यामुळे ‘बिल नको, कमी करून देतो’ या सौद्यात पडण्याचे कारण नाही. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. दोष निघाला तर वॉरंटीचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.

दोनच बदलायचे असतील तर नवे पुढे की मागे?

एकाच वेळी चार टायर घेणे प्रत्येक घराला परवडत नाही. दोन घ्यायचे असतील तर ते एकाच अक्षावर, म्हणजे दोन्ही पुढे किंवा दोन्ही मागे असावेत; माप आणि नक्षी सारखी असावी. बहुतेक ठिकाणी नवे टायर पुढे लावले जातात, कारण पुढची चाके इंजिन आणि स्टिअरिंगची. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र याच्या उलट आहे : नवे टायर मागे लावावेत.

कारण सोपे आहे. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर कार वळण्याऐवजी सरळ जाऊ लागते. पाय एक्सलेटरवरून काढला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागचे टायर घसरले तर कार गर्रकन फिरते आणि सर्वसाधारण चालकाला ती सावरता येत नाही. मात्र पुढे गेलेले जुने टायरही नियमात बसणारे हवेत. गोटा झालेले टायर पुढे लावून चालणार नाही.

रिमोल्ड, जुने टायर, ट्यूब टाकणे : चालते का?

ट्रकच्या टायरवर नवी नक्षी चढवणे हा मान्य व्यवसाय आहे, कारण ट्रकचे टायर त्यासाठी मजबूत बनवलेले असतात. कारच्या रिमोल्ड टायरवर सतत १०० ते १२० च्या वेगाने कुटुंब नेणे हा वेगळा मामला आहे. आतला सांगाडा किती वर्षांचा आणि किती तापलेला, हे वरून कळत नाही. वापरलेल्या टायरचेही तेच.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा टिकत नाही म्हणून ट्यूब टाकून घेणे हा आणखी एक प्रचलित उपाय. त्यात टायर आणि ट्यूब यांच्यात घर्षण होऊन उष्णता वाढते. शिवाय ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते. ट्यूब असली तर ती एकदम जाऊ शकते. गळती रिमच्या कडेची असेल तर रिम घासून साफ करणे किंवा सरळ करून घेणे, व्हॉल्व्हची असेल तर व्हॉल्व्ह बदलणे, हा खरा इलाज. नवा टायर बसवताना रबरी व्हॉल्व्हही नवाच टाकून घ्यावा.

हवा किती भरावी आणि केव्हा?

दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिली असेल तितकी. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा हा कमाल दाब असतो. तो भरण्यासाठी नसतो. अनेक स्टिकरवर दोन आकडे असतात : दोन-तीन माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या कारसाठी दुसरा. पाच जण आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळायचा.

मोजमाप टायर थंड असताना, म्हणजे कार किमान तीन तास उभी राहिल्यावर किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत करावे. पंप दूर असेल आणि टायर तापले असतील तर दाब तीन-चार पीएसआयने जास्त दिसतो. उन्हाळ्यात अनेक जण हा ‘जास्तीचा’ दाब पाहून हवा काढतात किंवा आधीच मुद्दाम कमी भरतात. ही सर्वांत घातक समजूत आहे. तापल्यावर वाढणारा दाब टायरच्या रचनेत गृहीत धरलेला असतो. कमी हवेने टायर जास्त वाकतो आणि उलट जास्त तापतो.

थंडीत याच्या उलट होते. ऑक्टोबरच्या ३४ अंशाच्या दुपारी ३३ पीएसआय हवा भरली, तर डिसेंबरच्या १२ अंशाच्या पहाटे ती गळती नसतानाही साडेएकोणतीसच्या आसपास भरते. म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हवा तपासणे आवश्यक. पेट्रोल पंपावर मोफत हवेची सोय देणे बंधनकारक आहे, पण तिथल्या मापकाची अचूकता सगळीकडे सारखी नसते. काही शे रुपयांत मिळणारा स्वतःचा मापक डॅशबोर्डमध्ये ठेवणे उत्तम.

नायट्रोजनबद्दल : साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनने दाब थोडा सावकाश कमी होतो आणि आत ओलावा राहत नाही, इतकाच फायदा. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासायचा नाही, असे होत नाही. नायट्रोजन मिळत नसेल तर साधी हवा भरायला हरकत नाही. कमी हवेने पुढे जाण्यापेक्षा ते कधीही बरे.

देखभालीत आणखी काय?

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग : नवा टायर बसवताना बॅलन्सिंग करावेच लागते. कार एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेने घासत असेल किंवा मोठ्या खड्ड्यात आदळली असेल तर अलाइनमेंट तपासावे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग बिघडलेले असण्याची शक्यता जास्त.

जागा बदलणे : दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केल्यास चारही सारखे झिजतात. कमी चालणाऱ्या कारसाठी वर्षातून एकदा, सर्व्हिसिंगच्या वेळी, हे करून घ्यावे. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनलेल्या टायरवर बाणाची खूण असते. ते टायर उजवी-डावी बदलत नाहीत.

पंक्चर : रस्त्याच्या कडेला दोरी घालून केलेली दुरुस्ती तात्पुरती समजावी. द्रुतगती मार्गावर जाण्याआधी टायर काढून आतून पॅच लावून घ्यावा. टायरच्या बाजूवर किंवा नक्षीच्या कडेला पंक्चर असेल तर दुरुस्ती न करता टायर बदलावा.

स्टेपनी : ती न वापरताही म्हातारी होते. तिचे चार आकडे आणि हवा दोन्ही तपासावे. काही कारमध्ये स्टेपनी लहान मापाची असते आणि तिच्यावर कमाल ८० किलोमीटर वेग लिहिलेला असतो. २०२० च्या नियमबदलानंतर टायरदाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या कारना स्टेपनी नसली तरी चालते. आपल्या कारमध्ये नेमके काय आहे, हे रात्री महामार्गावर नव्हे, घरी पाहून ठेवावे.

विमा : नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत फक्त टायर फुटल्याची भरपाई मिळत नाही. अपघातात कारचेही नुकसान झाले असेल तरच, तीही टायरच्या बदली किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. वेगळे टायर संरक्षण घेतले असेल तर अटी वाचून ठेवाव्यात.

वेगात टायर फुटलाच तर?

पहिली प्रतिक्रिया ब्रेक दाबण्याची होते आणि तीच कार उलटवू शकते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरावे. एक्सलेटर हळूहळू सोडावा. वेग पुरेसा कमी झाल्यावर सौम्य ब्रेक लावत कार डाव्या कडेच्या पट्ट्यावर न्यावी. चारही इंडिकेटर सुरू करावेत. सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे थांबावे आणि ११२ वर मदत मागावी. कोणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. धावत्या वाहनांच्या बाजूचे चाक असेल तर ते स्वतः बदलण्याचे धाडस करू नये.

जबाबदारी फक्त कारमालकाची का?

समृद्धीवरील अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणी सुरू केली. झिजलेले टायर असलेली वाहने परत पाठवण्यात आली आणि चालकांचे समुपदेशनही झाले. हे पाऊल योग्यच होते. मात्र अशी तपासणी मोहिमेपुरती न राहता वर्षभर व्हायला हवी. ती मोठ्या टोकांवर होते, तशी मालेगाव, शेलूबाजारसारख्या मधल्या प्रवेशद्वारांवरही व्हायला हवी. लग्नसराई आणि दिवाळीत कुटुंबे इथूनच महामार्गावर चढतात.

तपासणीत नक्षीची खोली मोजली जाते. तिच्या जोडीला टायरचे वय आणि हवेचा दाब पाहिला तर कमी चाललेल्या, पण जुन्या टायरच्या गाड्याही नजरेस येतील. प्रवेशद्वाराजवळ अचूक मापक असलेले मोफत हवेचे यंत्र बसवणे हा महामार्गाच्या खर्चात न जाणवणारा खर्च आहे. पंपावरील मापकांची नियमित पडताळणी आणि टायर विक्रेत्यांनी बिलावर उत्पादनाचा आठवडा-वर्ष लिहिणे, या दोन गोष्टीही अवघड नाहीत. दंडाची पावती फाडण्यापेक्षा यातून जास्त टायर वेळेत बदलले जातील.

तोवर घरच्या अंगणातली तपासणी हाच भरवशाचा उपाय आहे. त्याला दहा मिनिटे लागतात :

• पाचही टायरचे चार आकडे वाचा. सहा वर्षे उलटली असतील तर बदलण्याची तयारी करा.

• खाचांतील उंचवटे, फुगे आणि भेगा पाहा. आतली बाजूही पाहा.

• टायर थंड असताना, भरलेल्या कारसाठी दिलेल्या दाबाइतकी हवा भरा.

• खाचांत अडकलेले खडे, खिळे काढा. खिळा आत गेलेला वाटला तर तो न उपटता थेट दुरुस्तीकडे न्या.

• जॅक, पाना आणि स्टेपनीची हवा तपासा.

यातले एकही उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या दिवशी जुन्या रस्त्याने, कमी वेगाने जाणे किंवा प्रवास एक दिवस पुढे ढकलून आधी टायर बदलून घेणे हाच योग्य निर्णय.